दोन सेंटिमीटर कापणाऱ्या बाई

"किती?"

बाईंना काहीही सांगा, त्यांचा पहिला शब्द हाच. डोकं दुखतंय म्हटलं तरी किती, मुलं फार दंगा करतात म्हटलं तरी किती. एकदा मी वैतागून म्हटलं, बाई, तुमच्यासारखं चिकट माणूस मी बघितलं नाही. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "किती माणसं बघितलीत, मावशी?"

चेष्टा नव्हती ती. उत्तर येईपर्यंत त्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे उगाच मोठं बोलायची चोरी होते.

शाळेत झाडलोट, पाणी भरणं आणि घंटा देणं ही माझी कामं. शिक्षण चौथी. शाळा पनवेलच्या खाडीकडच्या टोकाला, सातवीपर्यंतची, भरायची सकाळी साडेसातला. मुलं आमच्याच पाड्यातली, मिठागरात आणि खाडीत राबणाऱ्या घरांतली. नव्वद साल जवळ आलं होतं तेव्हा बाई आल्या. घाटावरच्या होत्या. अंगानं किरकोळ, आवाज मात्र मैदानाच्या पलीकडे पोचणारा. खाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा ओहोटी होती. "पाणी कुठे गेलं?" म्हणाल्या. मी म्हटलं, येईल. "किती वाजता?" मला हसू आलं. एवढी शिकलेली बाई आणि हे माहीत नाही.

त्यांच्याकडे सहावीचा वर्ग होता. पहिल्याच महिन्यात त्यांनी भिंतीवर एक कागद लावला. चौकटी-चौकटींचा, आलेखाचा. खाली आडव्या रेघेवर सोमवार ते शनिवार लिहिलं, उभ्या रेघेवर आकडे. कोणत्या वारी किती मुलं उशिरा येतात, त्याचे उभे खांब. कोपऱ्यात 'प्रमाण' म्हणून लिहिलेलं. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, कागदाच्या एका सेंटिमीटरला किती मुलं धरली, ते सांगितल्याशिवाय खांबाला अर्थ नाही. उंच खांब काय, कोणीही काढेल.

महिना संपला आणि बाई त्या कागदापुढे हिरमुसून उभ्या राहिल्या. सगळे खांब सारखे. कोणताच वार जास्त नाही, कोणताच कमी नाही. "कारणच सापडत नाही," म्हणाल्या. "मांडणीत काहीतरी चुकतंय."

मी खाली फरशी पुसत होते. मान वर न करता म्हटलं, "वार कशाला लावता? तिथी लावा."

त्यांना कळेना. मी सांगितलं, अवसेला आणि पुनवेला सकाळी ओहोटी असते. चिखल उघडा पडतो. पोरं निवट्या नि चिंबोऱ्या, म्हणजे चिखलातले मासे नि खेकडे, धरायला जातात, त्या दोन-तीन दिवसांत निम्मा वर्ग उशिरा येणार. बाईंनी तिथल्या तिथे दुसरा कागद घेतला, माझ्याकडून कॅलेंडर मागवलं, तेच आकडे तिथीप्रमाणे लावले. आणि काय सांगू, कागदावर दोन डोंगर उभे राहिले. एक अवसेला, एक पुनवेला, मध्ये सपाट.

मी पोतेरं हातात घेऊन बघत राहिले. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि भिंतीवर दिसणं वेगळं. बाई माझ्याकडे बघत होत्या, कागदाकडे नाही. त्या दिवसापासून वर्गात काही मांडायचं झालं की मला आत बोलवायच्या, आणि "मावशींना विचारा" असं मुलांना सांगायच्या. माझ्या पोटच्या मुलांनीही मला कधी काही विचारलं नव्हतं.

मग त्यांना पाणीच मोजायचं वेड लागलं. पाड्याच्या काठाला मी सात हातांचा एक वासा ठोकून दिला. बाईंनी त्यावर आधीच लाल-पांढरे पट्टे रंगवले होते, दहा-दहा सेंटिमीटरचे. भरती पुरी भरली की दोन मुलांनी जायचं, पाणी त्या दांड्यावर कुठे लागलं ते बघायचं आणि वहीत तिथी, वेळ, पाणी असं लिहायचं. भरती कधी पुरी होणार ते मी आदल्या दिवशी सांगायची. दोन महिन्यांनी त्या आकड्यांची रेघ भिंतीवर चढली. वर जाते, खाली येते, परत वर. मुलांना वाटलं बाईंनी नागमोड काढली. मी बोट ठेवून सांगितलं, हे उधाण, हा भांग, पाणी मोठं होत नाही ते दिवस. हे परत उधाण. एके ठिकाणी रेघ सरळ होती. मी म्हटलं, हितं कोण गेलं नव्हतं, घरी बसून लिवलंय. दोन मुलांच्या माना खाली गेल्या.

बाईंनी त्यांना मारलं नाही. "मावशींना रेघ वाचता येते," एवढंच म्हणाल्या. मी देवळात बरंच उभी राहिले आहे, पण तसं मला कधी भरून आलं नाही.

आता माझी चूक सांगते.

मुलं सहावीत असतानाच, होळीला बाई गावी गेल्या होत्या. आमच्याकडे होळीसाठी लाकूड मागून आणत नाहीत, पळवून आणतात. कुणाचं कुंपण, कुणाची खाट, सकाळी उठून बघावं आपलं काय गेलं. त्या वर्षी दांडा गेला. माझ्याच दिराच्या मुलानं चिखलाजवळ मोडून नेला. सकाळी राखेत लाल रंगाचा कोळसा बघितला आणि मला शरम वाटली. बाईंना काय सांगणार, तुमची शाळा आमच्या घरानं जाळली?

मी दुसरा वासा आणला. तोही मोजून सात हातांचा. शाळेच्या कपाटातला उरलेला रंग काढला, पट्टी लावून दहा-दहा सेंटिमीटर बरोबर आखले. जुन्याचं बूड चिखलातच होतं, त्याच्या शेजारी नवा ठोकला. चांगला खोल ठोकला, परत कुणाच्या हाताला उपटू नये म्हणून. मला वाटलं, जुन्यापेक्षा झकास काम झालं. बाई आल्या, त्यांना काही दिसलं नाही. मुलांना सगळं माहीत होतं. तीही गप्प बसली, पाड्याची इज्जत म्हणून.

वैशाखात पळस्प्याच्या बाजूनं मुरुमाचे डंपर येऊ लागले. रस्त्यासाठी भराव घातला. खाडीचं पाणी जिथे पसरायचं तिथे मुरूम बसला. गावातून येणारं पावसाचं पाणी जायला ठेवली ती मोरी एवढीशी, माणूस वाकून जाईल अशी. श्रावणात उधाण आणि पाऊस एकत्र आले, पाणी माझ्या उंबऱ्यावरून आत आलं आणि चूल विझली. पाड्यातल्या खालच्या अंगाच्या सगळ्याच घरांचं तेच झालं. मी चूल दोनदा उंच केली. पुरुष कचेरीत जाऊन आले. तिथे सांगितलं, खाडीकाठी राहता, पाणी दरवर्षीच येतं, यंदाच जास्त आलं कशावरून?

कशावरून, ते बाईंच्या वहीत होतं.

आता ती मुलं सातवीत गेली होती, बाईही त्यांच्याबरोबर वर चढल्या होत्या. त्यांनी मुलांकडून मोठा आलेख करून घेतला. पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या. प्रत्येक तिथीला जोडी, गेल्या वर्षीची निळी, तिच्या शेजारी यंदाची लाल. कागदाचा एक सेंटिमीटर म्हणजे पाण्याचे दहा. प्रत्येक लाल पट्टी निळीच्या डोक्यावरून चांगली दोन बोटं वर. आंधळ्यालाही दिसावं. पाड्यातली बायामाणसं बघायला आली. माझा दीर, ज्याला शाळेची पायरी माहीत नव्हती, तो कागदासमोर उभा राहून म्हणाला, "आता बोला म्हनावं." कचेरीतल्या साहेबांनी अवसेच्या आधी येऊन बघायचं कबूल केलं. मोरी रुंद करून मिळाली असती. सगळा पाडा त्या कागदाकडे डोळे लावून बसला.

मी पण. मला तेव्हाही कळलं नव्हतं.

साहेब यायच्या चार दिवस आधी बाईंनी वर्गात ती जुनी नागमोडी रेघ काढली, दोन पावसाळ्यांची, जोडून जोडून खोलीच्या दोन भिंतींवर गेलेली. रेघेवरून बोट फिरवत फाल्गुनापाशी थांबल्या. मग मुलांना म्हणाल्या, "भराव वैशाखात पडला. रेघ फाल्गुनातच कशी चढली? आणि उधाणाचं पाणी वाढलं तर समजतं. भांगाचं पाणीही तेवढंच वाढलं, एका दिवसात, सगळीकडे सारखं. पाणी असं चढत नाही. मग काय चढलं?"

भारती म्हणून एक मुलगी होती, हुशार, तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाटीसारखं तोंड करून बसली. ती माझ्या बाजूनं खोटं बोलायला तयार होती. बारा वर्षांची पोर. ते मला बघवलं नाही.

मी दारातून म्हटलं, "पानी नाय चढलं. दांडा बुडाला." मग होळीपासूनचं सगळं सांगितलं, नवा दांडा जेवढा खोल गेला तेवढं पाणी वर दिसलं असणार, हेही.

बाई रागावतील म्हणून मी झाडू घट्ट धरून उभी होते. त्यांनी विचारलं, "किती?"

मी वीत करून दाखवली. त्या पट्टी घेऊन आल्या, माझा हात बाकावर ठेवला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजला. मग म्हणाल्या, "हा अंदाज झाला. बुडं मोजू."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला बाई साडी खोचून चिखलात उतरल्या. घाटावरचं माणूस, चिखलाची किळस येणारं, गुडघ्यापर्यंत आत. मी आणि दोन मुलांनी घमेल्यानं उकरलं. जुन्या दांड्याचं मोडकं बूड सापडलं, त्याच्या खाली नव्याचं. दोन्ही वासे सारख्या लांबीचे, म्हणजे बुडांत जेवढं अंतर तेवढीच आमची चूक. बाईंनी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा मुलांकडून वाचून घेतलं. एकवीस सेंटिमीटर. कागदावर दोन, आणि केसभर.

संध्याकाळी पाड्यातले पुरुष शाळेत आले. दिरानं सुरुवात गोड केली. बाई, तुम्ही देवासारख्या, पण एवढं राहू द्या. कागदाला कुठे तोंड असतं, साहेब काय चिखलात उतरणार आहे? बाई ऐकेनात तसा त्याचा आवाज चढला. "तुमचं घर घाटावर हाय, बाई. पानी आमच्या चुलीत येतं. तुमाला काय?"

बाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, विचारतायत. मी पण सांगितलं, राहू द्या. ओल्या लाकडांवर तुम्ही कधी भात शिजवलाय का, असंही म्हटलं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला मोरी हवी होती, बाकी काही नको होतं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "वर्गातल्या बत्तीस मुलांना माहीत आहे की दांडा बुडाला. त्यांच्यासमोर साहेबांना मी हा कागद दाखवला, तर दोन वर्षं मी त्यांना काय शिकवलं?"

दीर जाताना शिवी देऊन गेला, पण फाटकाबाहेर जाऊन.

मग कात्र्या निघाल्या. प्रत्येक लाल पट्टीचं डोकं दोन सेंटिमीटर उडवलं. कापलेले तुकडे बाईंनी फेकू दिले नाहीत. कागदाच्या उजव्या बाजूला ओळीनं चिकटवले आणि वर लिहायला लावलं, 'ही आमची चूक. होळीनंतर दांडा २१ सेंटिमीटर खोल गेला.' माझं नाव लिहिलं नाही. पाड्याचंही नाही. 'आमची' लिहिलं.

कापून झालं आणि मी दारात जाऊन कागद बघितला. निळी आणि लाल जवळजवळ सारखीच. लाल थोडी वर होती, खरंतर चार बोटं पाणी, पण कागदावर ते नखाएवढं दिसत होतं. मनात म्हटलं, संपलं. एका मुलानं सुचवलं, "बाई, प्रमाण बदलू या ना, एकाला दोनच धरू, मग मोठं दिसेल." बाई म्हणाल्या, "दिसेल मोठं. पाणी तेवढंच राहील."

मग खडू बोटांत फिरवत त्यांनी मला विचारलं, श्रावणात पाणी उंबऱ्याला नुसतं टेकलं, आत आलं नाही, असा एखादा दिवस आठवतो का? असला दिवस मी विसरेन? वद्य प्रतिपदा. उंबऱ्याला लागलं आणि तिथूनच फिरलं, मी मांडी घालून समोरच बसले होते. वहीत त्या दिवसाचा आकडा होता. बाईंनी त्यातून एकवीस वजा केले. मग एक काळा दोरा घेतला आणि त्या उंचीवर आलेखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा ताणून दोन टाचण्या मारल्या.

"हा मावशींचा उंबरा," म्हणाल्या. "दोऱ्याच्या वर कोण कोण आलं, मोजा."

मुलं पुढे सरकली. निळ्या मोजल्या. गेल्या वर्षी दोन दिवस. मग लाल मोजायला लागली. तीन, चार, पाच. मोजता मोजता त्यांचे आवाज खाली आले. नऊ.

चार बोटंच पाणी वाढलं होतं. पण गेल्या वर्षी ज्या दिवशी ते उंबऱ्याच्या खाली चार बोटं थांबायचं, ते सगळे दिवस आता वर आले होते. दोन दिवसांचे नऊ झाले. नऊ दिवस माझी चूल विझली होती, ते मी मोजले नव्हते. मला फक्त 'सारखं पाणी येतं' एवढंच बोलता येत होतं. त्या बाईंनी माझं घर एका दोऱ्यात आणून भिंतीवर लावलं होतं. मी तिथेच खाली बसले. रडले नाही.

साहेब आले, मोजे-बूट घातलेले, घाईत. त्यांच्यासमोर भारतीला उभं केलं. तिनं आधी कापलेले तुकडे दाखवले आणि दांडा कसा बुडाला ते सांगितलं. साहेब बाईंकडे वळून म्हणाले, "तुम्ही स्वतःच चूक दाखवताय?" दीर मागे कपाळाला हात लावून उभा होता. बाई म्हणाल्या, पुढचं ऐका. भारतीनं दोरा दाखवला. साहेबांनी खिशातलं पेन काढलं, पुढे झाले आणि स्वतः मोजलं. नऊ. परत मोजलं. मग तुकड्यांवरची ओळ परत वाचली. जाताना एवढंच म्हणाले, "चूक लपवली असतीत, तर मी दोऱ्यावरही विश्वास ठेवला नसता."

मोरीचं काम लगेच झालं नाही. सरकारी काम ते. मोरीत घालायचे दोन मोठे नळे सांगितले होते, एकच आला, तोही पुढच्या उन्हाळ्यात, आणि तो बसवायच्या आधीच बाईंची बदली झाली. घाटावर, त्यांच्याच जिल्ह्यात. त्यांनी मागूनच घेतली होती, आई आजारी होती. स्टँडवर त्यांना सोडायला मी आणि सातवीतल्या काही मुली गेलो. निरोपाचं मला जमत नाही. मी त्यांना म्हटलं, गाडीत खिडकीशी बसा, तुमाला मळमळतं. त्या बसल्या. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून काहीतरी विचारलं, पण इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवली.

नळा बसला, आणि त्यानंतर नारळी पुनवेचं उधाण आलं. मोठं उधाण, वर पाऊसही होता. पाड्यातली सगळी माणसं दारात बसली होती. पाणी अंगणात आलं, तुळशीच्या कट्ट्याला लागलं, उंबऱ्याखाली तीन बोटं थांबलं आणि फिरलं. दिरानं खाडीला नारळ दिला आणि देवाची कृपा म्हणाला. देवाचीही असेल.

शाळेला सुट्टी होती. नवीन गुरुजी आले होते, त्यांना दांड्याचं काही माहीत नव्हतं. ती मुलं हायस्कुलात गेली होती. वही कपाटात होती आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. मी भिजत जाऊन दांड्यावरचं पाणी बघून आले, वही उघडली आणि शेवटच्या ओळीखाली लिहायला बसले. चौथीनंतर सहीशिवाय मी काही लिहिलं नव्हतं. तिथी लिहिली. वेळ लिहिली. पाण्याचा आकडा दोनदा खोडून परत लिहिला.

अक्षर वाकडं आलं. बाईंनी पान बघितलं असतं तर अक्षराबद्दल काही म्हटलं नसतं, वाचलं असतं. खालची ओळ रिकामी होती. दुसऱ्या दिवशी भरती पाऊण तास उशिरा येणार होती. मी पेन्सिल कमरेला खोचली आणि कपाट लावलं.